चार चाकरांचा कुलवृत्तान्त

गाणे ऐकून झाले म्हणजे आपण कोणाकोणाची नावे घेतो? गायकाचे घेतो, संगीतकाराचे घेतो. थोडे जाणकार असलो तर कवीचेही घेतो. फारच दर्दी माणूस असला तर तबल्यावर कोण होते आणि सारंगी कोणी धरली होती, हेही तो सांगून टाकतो. परंतु आज तयार होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाण्यात आणखी चारजण हजर असतात, आणि त्यांचे नाव मात्र निवेदकाच्या तोंडी कधी येत नाही. ते गात नाहीत, वाजवीत नाहीत, बिदागी मागत नाहीत. पंक्तीत वाढणाऱ्याकडे जेवणाऱ्याचे लक्ष नसते, तसे आपले त्यांच्याकडे लक्ष नसते. पण वाढणारा चुकला तर पहिल्याच घासाला कळते, हेही तितकेच खरे!

या चौघांची ओळख मला माझ्या भाच्याने करून दिली. तो मुंबईत गाण्यांचे ध्वनिमुद्रण करतो. त्याचा सारा कारखाना एका लहानशा खोलीत मावतो: एक संगणक, एक मायक्रोफोन, दोन स्पीकर आणि भिंतींना लावलेल्या जाड गाद्या. संगणकावर गाणे जुळवण्यासाठी एक मोठी आज्ञावली असते, आणि तीत पाहिजे तेव्हा खोचता येतील अशा लहान लहान आज्ञावल्या शेकड्यांनी मिळतात. त्यांना 'प्लगिन' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थही 'आत खोचलेली वस्तू' असाच आहे. मी त्याला विचारले, "अरे, एवढा हा पसारा, यातले प्रत्येक गाण्याला लागतेच असे काय?" तो हसून म्हणाला, "मामा, बाकी सगळी हौस. रोजच्या स्वयंपाकाला तेल, मीठ, मोहरी, हळद लागते ना, तशी मला चारच लागतात."

मग त्याने ती चार एकामागून एक पडद्यावर उघडून दाखवली आणि मला मोठे नवल वाटले. संगणकाच्या पडद्यावर दिसत होती ती चक्क जुन्या काळची यंत्रे! काळी फिरती बटणे, थरथरणाऱ्या काट्याचे मापक, कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि एके ठिकाणी तर रंगाचा टवका उडाल्याचेही चित्र काढलेले. आता ज्या यंत्राला लोखंडच नाही त्याला स्क्रू कशाला? घर पाडून नवी इमारत उठवली तरी दारावरची जुनी पाटी जपून लावावी, तसलाच हा प्रकार. ज्या अर्थी पाटी जपली आहे, त्या अर्थी घराण्याला इतिहास असला पाहिजे. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त लिहिण्याची जुनी चाल आहे. मी या चार चाकरांचा कुलवृत्तान्त शोधू लागलो. त्यात जे सापडले ते नुसते यंत्रांचे नव्हते, माणसाच्या कानाचे होते. म्हणून ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिल्या चाकराचे नाव इक्वलायझर. आवाजातील खर्जाचा भाग, मधला भाग, वरचा तीक्ष्ण भाग यांचे प्रमाण कमीजास्त करणे हे याचे काम. पण त्याच्या नावाचा अर्थ 'समान करणारा' असा आहे. समान कशाशी? याचे उत्तर गाण्यात नाही, टेलिफोनात आहे. लांबच्या तारेतून आवाज पाठवला म्हणजे त्यातली वरची कंपने वाटेत अधिक गळतात आणि खालची त्या मानाने टिकून राहतात. आता स, श, फ यांसारखी व्यंजने या वरच्या कंपनांवरच जगतात. ती गळाली की पलीकडचा माणूस 'साठ' म्हणाला की 'आठ' हे कळेनासे होते; आणि व्यापाराच्या बोलण्यात साठ आणि आठ यांत पुष्कळच अंतर असते! तेव्हा वाटेत जे जितके गळाले ते तितके भरून काढणारी जोडणी तारेच्या टोकाशी बसवू लागले. बोलणाऱ्याच्या तोंडचा आवाज आणि ऐकणाऱ्याच्या कानचा आवाज समान व्हावा, एवढीच तिची कामगिरी. थोडक्यात, हा मूळचा नुकसानभरपाईचा कारकून.

हा कारकून पुढे कलावंत कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात युजीन शेंक याच्या 'पल्स टेक्निक्स' या लहानशा कंपनीने एक इक्वलायझर बाजारात आणला. कंपनीच्या नावाचा संक्षेप करून लोक त्याला 'पल्टेक' म्हणू लागले. त्याच्या जोडणीत आवाज आधी क्षीण होई आणि मग व्हॉल्वच्या जोरावर तो पुन्हा मूळ पातळीला येई. या येण्याजाण्यात त्याला एक किंचित ऊब चढे. ती इतकी लोभस, की काही ध्वनिमुद्रक सगळी बटणे शून्यावर ठेवूनही आवाज या पेटीतून नुसता फिरवून आणीत. देवळाला एक प्रदक्षिणा घालून यावे तसा!

या पल्टेकवर खर्जासाठी दोन बटणे असत. एक खर्ज वाढवण्याचे, दुसरे तो कमी करण्याचे. शहाणा माणूस ती दोन्ही एकदम फिरवणार नाही. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, याला अर्थ काय? पण कोणी तरी ती एकदम फिरवली आणि कान टवकारले. झाले होते असे की वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बटणांचा अंमल नेमक्या एकाच जागी पडत नव्हता. त्यामुळे अगदी तळचा खर्ज भरीव झाला आणि त्याच्या लगत वर जो गढूळपणा असतो तेवढाच निघून गेला. ढोलाला वजन आले आणि तरीही तो चिखलात पडल्यासारखा वाटेना. दोन बटणांचे हे न जुळणे आज पल्टेकच्या प्रत्येक नकलेत काटेकोरपणे उतरवलेले असते. ज्याने ती लोखंडी पेटी जन्मात पाहिली नाही असा विशीतला मुलगाही ही दोन्ही बटणे बिनदिक्कत एकदम फिरवतो.

दुसरा चाकर कंप्रेसर. हा आवाजाचा चढउतार आवरून धरतो. याचे मूळ घर रेडिओचे. प्रक्षेपण यंत्राला सोसेल अशी एक सीमा असते. वक्ता एकाएकी ओरडला की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या हद्दीतही घुसतो. उलट तो कुजबुजला तर ते शब्द खरखरीत बुडून जातात. ग्रामोफोनच्या तबकडीची हीच अडचण होती. आवाज फार मोठा झाला तर खाचेची नागमोड शेजारच्या खाचेत शिरे. म्हणून एक माणूस सतत बटणावर हात ठेवून बसलेला असावयाचा. गायिका तार सप्तकात जाणार असे दिसले की बटण खाली, ती ठायीला आली की बटण वर. १९३० नंतरच्या दशकात हे काम आपोआप करणारी यंत्रे रेडिओ केंद्रांवर येऊ लागली.

त्यांतले सर्वांत लोकप्रिय झालेले यंत्र मात्र १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, आणि त्याची गोष्ट दिवाळीच्या अंकातच सांगावी अशी आहे. कारण ते दिव्यावर चालते. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे 'टेलेट्रॉनिक्स' नावाची कंपनी होती. तिच्या जिम लॉरेन्सला रेडिओचाही अनुभव होता आणि क्षेपणास्त्रांसाठी लागणाऱ्या प्रकाशग्राही उपकरणांचाही. त्याने या दोन्ही विद्यांची सांगड घातली आणि 'एलए-टू-ए' हे यंत्र केले. त्याच्या पोटात एक लहानशी, बाहेरचा उजेड आत न येणारी डबी असते. डबीत एका बाजूला विजेने उजळणारा एक तुकडा आणि त्याच्यासमोर उजेड पडला की विजेला होणारा अडथळा कमी करणारा दुसरा तुकडा. गायकाचा आवाज चढला की पहिला तुकडा अधिक उजळतो. तो उजेड दुसऱ्यावर पडला की आवाजाचा काही भाग भलत्या वाटेने निघून जातो, म्हणजेच पातळी उतरते. आवाज खाली आला की दिवा मंदावतो आणि पकड सुटते. गायकाचा स्वर स्वतःच दिवा लावतो आणि त्या दिव्यासमोर स्वतःच नमता होतो!

यातली खरी खुबी पुढेच आहे. समोरचा तो प्रकाशग्राही तुकडा आळशी असतो. त्याची पकड बसायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. सोडताना मात्र निम्मी पकड सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली निम्मी सावकाश, अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ घेऊन सुटते. जितका वेळ तो उजेडात राहिला असेल तितका तो अंधाराला उशिरा सरावतो. उन्हातून माजघरात आलेल्या माणसाच्या डोळ्यांचे होते तसेच. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा दोषच. पण कानाला तो समंजसपणा वाटला. जुना कारभारी लगाम एकदम सोडीत नाही, हळूहळू सोडतो. अवघी दोन मुख्य बटणे असलेल्या त्या पेटीची नक्कल आज जगभरच्या गायकांच्या आवाजावर लावली जाते.

याच घराण्यात एक तापट भाऊही आहे. बिल पुटनम नावाच्या अमेरिकन ध्वनिमुद्रकाने १९६७ च्या सुमारास '११७६' हे यंत्र काढले. त्यात दिवा नव्हता, ट्रान्झिस्टर होता. आणि त्याची पकड सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात बसू शके. दाब किती द्यावा यासाठी त्यावर ४, ८, १२ आणि २० अशी चार बटणे. एका वेळी एकच दाबायचे, हा साधा नियम. ध्वनिमुद्रकांनी काय करावे? चारही एकदम दाबली! यंत्र गांगरले, आवाज किंचित फाटला आणि ढोल-झांजांना असा काही आवेश चढला की ती खोडच पुढे रीत ठरली. आजच्या नकलेत चारही बटणे एकदम दाबण्याची सोय मुद्दाम करून ठेवलेली आहे. नियम मोडण्याचीही अधिकृत व्यवस्था!

मात्र या चाकराच्या हाती घर दिले की काय होते, तेही सांगितले पाहिजे. लहान आवाज वर उचलता येतो आणि मोठा दाबता येतो, म्हटल्यावर १९९० नंतर ध्वनिमुद्रिका एकमेकींपेक्षा मोठ्याने वाजवण्याची शर्यतच लागली. चढउतार इतके दाबले गेले की हलके कडवे आणि जोराचे कडवे यांत भेद उरेना. सगळेच ओरडू लागले म्हणजे कोणाचेच ऐकू येत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कंपन्या सगळ्या गाण्यांची पातळी आपणच सारखी करून घेऊ लागल्या, तेव्हा कुठे या शर्यतीतले बक्षीस गेले. पणतीला शोभा येते ती भोवतीच्या अंधाराने. हे ज्ञान आपल्या आजीला होते, यंत्रवाल्यांना ते वीस वर्षे विसरावेसे वाटले.

तिसरा चाकर मला सर्वांत प्रिय आहे. त्याचे इंग्रजी नाव 'रिव्हर्ब'; मी त्याला घुमारा म्हणतो. आवाज भिंतींवर, छतावर आपटून परत येतो आणि मूळ स्वर थांबल्यावरही क्षणभर मागे रेंगाळतो, तो हा घुमारा. गंमत अशी की याची पहिली शास्त्रीय नोंद रोग म्हणून झाली. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या कलासंग्रहालयात व्याख्यानगृह बांधले. त्यात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही. व्याख्यात्याचा एक शब्द विरतो न विरतो तो पुढचे दहाबारा त्यावर येऊन पडत. वॉलेस सेबिन या तरुण पदार्थवैज्ञानिकाकडे हे दुखणे सोपवण्यात आले. तो रात्री, सर्वत्र सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणी, त्या या सभागृहात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि घड्याळ लावून घुमारा मोजी. सकाळच्या आत गाद्या पुन्हा जागच्या जागी! या हमालीतून त्याने खोलीचे आकारमान, आवाज शोषणाऱ्या वस्तू आणि घुमाऱ्याचा काळ यांचा नियम शोधून काढला. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर घातला गेला आहे.

रोगाचे निदान झाले, औषध सापडले. आणि औषध जरा जास्तच झाले. रेडिओच्या व ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत पडदे, नमदे लावून घुमारा पार मारून टाकला. आवाज स्वच्छ आला, पण कोरडा. भाकरी आहे आणि लोणी नाही, अशी अवस्था. मग मारलेल्या घुमाऱ्याला परत बोलावण्याची खटपट सुरू झाली. १९४७ मध्ये शिकागोत त्याच बिल पुटनमने, ज्याचे '११७६' आपण वर पाहिले, हार्मोनिकांच्या एका वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करताना वाजवलेला आवाज स्टुडिओच्या स्नानगृहात स्पीकरवर लावला, तिथे मायक्रोफोन ठेवला आणि फरशांवरून परतलेला घुमारा मूळ आवाजात मिसळला. ती तबकडी अफाट खपली. आपण सगळेच स्नानगृहात बरे गातो, याचे कारणही तेच आहे. ते आपण आपल्या गळ्याकडे लावतो एवढेच.

याच सुमारास आपल्या मुंबईत हेच काम पायांनी चालले होते. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील ते प्रसिद्ध गीत आठवा, ज्यात आवाज दुरून येतो आणि हळूहळू जवळ येतो. लताबाईंनी स्वतः सांगितले आहे की मायक्रोफोन खोलीच्या मध्यावर ठेवला होता, आणि त्या कोपऱ्यापासून गात गात एकेक पाऊल टाकीत त्याच्यापाशी आल्या. संगीतकार खेमचंद प्रकाश यांना हवे असलेले अंतर असे एका वीस वर्षांच्या मुलीने चालून दाखवले. आज तेच अंतर एका बटणावर मिळते. पण तिथे चालणाऱ्याला श्वास सांभाळावा लागत नाही.

पुढची प्रगती झपाट्याने झाली. १९५६ मध्ये हॉलीवूडच्या कॅपिटॉल कंपनीने आपल्या नव्या गोल इमारतीलगत जमिनीखाली खास घुमाऱ्याच्या खोल्या बांधल्या. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने खोलीच काढून टाकली. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि केवळ अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगायचा, त्याला आवाजाने थरथरवायचे आणि ती थरथर टिपायची. सगळा सरंजाम पाऊणतीनशे किलोंच्या घरात. तरी खोलीपेक्षा हलकाच म्हणायचा. १९६० नंतर बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडरने नुसत्या गणिताने घुमारा घडवता येतो हे दाखवले, आणि १९७६ पासून तसली अंकीय यंत्रे स्टुडिओत आली.

शेवटची पायरी विलक्षण आहे. एखाद्या सभागृहात फुगा फोडायचा किंवा एक विशिष्ट आवाज सोडायचा आणि त्या वास्तूने दिलेले उत्तर नोंदून घ्यायचे. मग गणिताच्या साहाय्याने कोणताही आवाज त्या वास्तूत बसवता येतो. या शतकाच्या आरंभापासून अशी प्लगिने मिळू लागली आणि युरोपातील कितीतरी चर्चे आणि नाट्यगृहे त्यांत साठवली गेली. आपल्या विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती पुनःपुन्हा परत येते. ते उत्तर एकदा नीट नोंदले की कोल्हापुरात बसून कोणालाही गोलघुमटात गाता येईल.

इथे मात्र माझ्या मनाला एक रुखरुख लागते. बालगंधर्वांचा आवाज आपल्याकडे तबकड्यांवर आहे. पण त्यांच्या उमेदीच्या वर्षांत मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याला तोंड लावून घेतलेल्या त्या जुन्या तबकड्यांत गळा आला, खोली आली नाही. ज्या थिएटरांत तो स्वर कोणत्याही यंत्रावाचून शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत पोहोचत असे, त्यांतली किती तरी आता पडली. लाकडी तक्तपोशी, कापडी पडदे, दाटीवाटीने बसलेला श्रोतृवर्ग या सगळ्यांनी मिळून त्या स्वराला जे उत्तर दिले असेल, ते कोणी टिपले नाही. वास्तू पडली म्हणजे विटा राहतात, छायाचित्र राहते; घुमारा राहत नाही. जी जुनी नाट्यगृहे, वाडे, देवळांचे सभामंडप अजून उभे आहेत, त्यांचे हे उत्तर पडण्याआधी नोंदून ठेवणे हे काम आज फार खर्चाचे राहिलेले नाही. ते कोणी तरी हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते.

हे तिन्ही चाकर लोखंडी पेट्यांतून संगणकात आले ते गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात. १९९२ मध्ये इस्रायलच्या 'वेव्हज' कंपनीने इक्वलायझरचे प्लगिन विकायला काढले. १९९६ मध्ये हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने प्लगिन खोचण्याची एक पद्धत ठरवून ती इतरांनाही मोकळी करून दिली, आणि मग घरोघरी कारागीर निपजले. १९९९ मध्ये पुटनमच्या मुलांनी बापाची कंपनी पुन्हा उभी केली आणि '११७६' व 'एलए-टू-ए' यांना आधी लोखंडात आणि मग संगणकात नवा जन्म दिला. बापाच्या बुद्धीचे असे श्राद्ध फार थोड्यांना घालता येते.

नकला करणाऱ्यांनी प्रामाणिकपणा कुठवर नेला पाहा. जुन्या यंत्रांत विजेच्या प्रवाहाची एक बारीक गुणगुण असे. ती घालवण्यात अभियंत्यांच्या पिढ्या खपल्या. आज काही प्लगिनांत ती गुणगुण पुन्हा घातलेली असते, आणि ती युरोपच्या विजेसारखी ५० कंपनांची हवी की अमेरिकेच्या विजेसारखी ६० कंपनांची, हे निवडायला बटण असते! ते दाखवताना भाचा म्हणाला, "मामा, मी मात्र ते बंदच ठेवतो." मी म्हटले, "शहाणा आहेस."

चौथा चाकर या कुळात दत्तक आलेला. त्याला लोखंडी पूर्वज नाही. तो थेट संगणकातच जन्मला आणि त्याचे आजोळ तेलाच्या विहिरीत आहे. अँडी हिल्डेब्रँड हा अमेरिकन गणिती तेल कंपन्यांसाठी जमिनीच्या पोटाचा शोध घेई. जमिनीला धक्का द्यायचा, खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी टिपायच्या आणि गणित करून तेल कुठे आहे ते ओळखायचे. मुळात तो बासरीवादक. पुरेसे कमावल्यावर तो नोकरीधंदा सोडून संगीत शिकायला गेला. पुढे एका भोजनाच्या वेळी कोणा बाईने थट्टेने म्हटले, मला सुरात गायला लावील असे काही तरी काढा. अशी हकीकत सांगतात. जमिनीतून परतलेल्या लहरींचे आवर्तन ओळखणारे गणित गळ्यातून निघालेल्या लहरींनाही लागू पडत होते. १९९७ मध्ये 'ऑटो-ट्यून' बाजारात आले. गायकाचा स्वर किती चुकला हे ते त्याच क्षणी ओळखते आणि त्याला जवळच्या शुद्ध स्वरावर नेऊन बसवते.

हे काम कोणाला कळू नये असेच करायचे होते. स्वर किती सावकाश सुधारावा याचे एक बटण त्यावर होते. सावकाश सुधारला की कानाला पत्ता लागत नसे. पण हे बटण शून्यावर नेले तर? १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गीतात इंग्लंडमधील निर्मात्यांनी नेमके हेच केले. स्वर एका पायरीवरून दुसरीवर उडी मारू लागला, गळा माणसाचा की यंत्राचा कळेना, आणि ते गाणे जगभर गाजले. निर्मात्यांनी आपली युक्ती लपवण्यासाठी सुरुवातीला दुसऱ्याच यंत्राचे नाव सांगितले. दोष झाकायला ठेवलेला नोकर दिवाणखान्यात येऊन बसला तो असा.

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न इथे आहे. चुकलेला स्वर आणि मुद्दाम हलवलेला स्वर यांतला भेद यंत्राला कसा कळावा? त्याच्यापुढे मूलतः सप्तकाच्या बारा सारख्या पायऱ्या असतात. आपली मींड पायऱ्यांवरून जात नाही, उतरणीवरून जाते. दरबारी कानड्यातला गंधार एका जागी उभाच राहत नाही, तो झुलतो. हा वाद आपल्याला नवा नाही. सारख्या पायऱ्यांची पेटी आपल्या गाण्याला मानवत नाही, या कारणास्तव १९४० ते १९७१ इतकी वर्षे हार्मोनियमला आकाशवाणीवर मज्जाव होता. पेटी निदान गायकाच्या शेजारी बसत असे. तिचे ऐकायचे की नाही हे गायकाच्या हाती होते. हा चौथा चाकर गळ्यातच येऊन बसतो. जाणता ध्वनिमुद्रक याला ताना-मुरक्यांवरून उठवतो आणि ठरलेल्या स्वराच्या मुक्कामापुरता कामाला लावतो. अजाणता ध्वनिमुद्रक सगळे घरच त्याच्या स्वाधीन करतो. मग दहा गायकांची दहा गाणी ऐकून एकच माणूस गात असल्याचा भास होतो.

गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. पृथ्वीवरच्या माणसाचा आवाज कसा असतो हे परक्या कोणाला कधी कळावे, म्हणून ती निवडली गेली. तेव्हा हा चौथा चाकर जन्माला यायचा होता. आज तसलीच निवड करायची झाली, तर त्या आवाजावर कोणी तो लावून पाहील का? मला वाटते, नाही. माणसाची ओळख म्हणून पाठवायचा गळा दुरुस्त करून पाठवायचा नसतो.

एवढा वृत्तान्त लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी. इक्वलायझर तारेतली गळती भरायला आला, कंप्रेसर आवाज फाटू नये म्हणून आला, घुमारा तर रोग म्हणून हाकलला गेला होता आणि ऑटो-ट्यून बेसूर झाकायला आले. म्हणजे एकूण एक चाकर कसली तरी तक्रार निवारायला नेमलेले. आणि आज त्यांच्यावर जे प्रेम आहे ते त्यांच्या चोख कामासाठी थोडे आणि त्यांच्या खोडींसाठी फार: न जुळणारी दोन बटणे, आळशी डोळा, थरथरणारा पत्रा, एकदम दाबलेली चार बटणे. यंत्राच्या खोडी आपण इतक्या मायेने जपतो. तशीच थोडी माया माणसाच्या गळ्याच्या खोडींनाही मिळावी, एवढेच माझे मागणे आहे. श्वास घेतल्याचा आवाज, समेवर येताना जराशी झालेली घाई, वयामुळे तार षड्जाला आलेला कंप, यांत माणूस असतो.

म्हणून या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवून घरातली मंडळी एखादे नवे गाणे ऐकायला बसली, की एकच खेळ करून पाहावा. खर्जाला वजन कोणी दिले, हलका शब्द तुमच्या कानापर्यंत कोणी आणून पोहोचवला, गायकाभोवती ती खोली कोणी उभी केली आणि स्वर इतका सरळ कसा उभा राहिला, हे मुलांना विचारावे. मुले चौघांनाही ओळखतील. त्यांचे कान आपल्याहून तिखट असतात. मग त्यांना पाचवा प्रश्न विचारावा: या चौघांनाही बाजूला केले तर मागे कोण उरते? ज्या गाण्यात त्या प्रश्नाला उत्तर मिळते, ते पुन्हा लावावे.